जड तेल, चढा भाव

पेट्रोल महाग आणि डिझेल स्वस्त, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे, की तिच्यामागे काही कारण असावे असेही कोणास वाटत नाही. पेट्रोल हे मोटारवाल्यांचे तेल. पातळ, झटकन पेट घेणारे, उंची. डिझेल हे मालमोटारींचे, एस.टी.चे, शेतातल्या पंपाचे आणि मच्छिमारांच्या ट्रॉलरचे तेल. जाडसर, ओशट, उग्र वासाचे. उंची वस्तूस उंची भाव आणि भरड वस्तूस भरड भाव, हा बाजाराचा न्यायच आहे असे आपण धरून चालतो. त्यामुळे आपल्यापैकी जे कोणी मुलाकडे वा मुलीकडे अमेरिकेस जाऊन येतात, त्यांना तेथील पंपावरच्या पाटीवर डिझेलचा आकडा गॅसोलीनच्या आकड्याहून मोठा दिसला म्हणजे पाटी लावणाऱ्याचीच काही चूक झाली असावी असे वाटते. (गॅसोलीन म्हणजे आपले पेट्रोलच. अमेरिकन मनुष्य बोलताना त्याला नुसते ‘गॅस’ म्हणतो आणि आपला घोटाळा आणखी वाढवतो.)

चूक पाटीची नाही. सप्टेंबर २००४ पासून, मधले काही थोडे महिने वगळता, अमेरिकेत डिझेल हे गॅसोलीनहून महागच राहिले आहे. त्यापूर्वी मात्र तेथेही आपल्यासारखीच रीत होती. कडाक्याचा हिवाळा सोडला तर डिझेल सहसा स्वस्त असे, आणि जुन्या पिढीतले अमेरिकन लोक आजही त्या दिवसांची आठवण काढतात. तेव्हा प्रश्न असा, की एकाच पिंपातून निघणाऱ्या ह्या दोन भावंडांपैकी धाकट्याने थोरल्यास मागे टाकावे, असे मधल्या काळात घडले तरी काय?

प्रथम मनात येते ते असे, की डिझेल तयार करण्यासच अधिक खर्च येत असावा. वस्तुस्थिती बरीचशी उलट होती. खनिज तेल जमिनीतून निघते तेव्हा ते एकच एक द्रव्य नसते. हलक्या-जड अशा असंख्य द्रव्यांचे ते मिश्रण असते. शुद्धीकरणाच्या कारखान्यात ते भट्टीत तापवून एका उंच मनोऱ्यात सोडतात. जे हलके ते वाफेच्या रूपाने वर चढते, जे जड ते खाली राहते, आणि मनोऱ्याच्या निरनिराळ्या मजल्यांवरून निरनिराळी तेले वेगळी काढून घेता येतात. वरच्या बाजूस गॅसोलीन, त्याखाली रॉकेल व विमानाचे तेल, त्याखाली डिझेल, आणि तळाशी डांबरासारखा गाळ. ह्या पहिल्या पायरीपुरते पाहिले तर डिझेल हे कमी कटकटीचे अपत्य होय. गॅसोलीनवर पुढे पुष्कळ संस्कार करावे लागतात. नाहीतर ते इंजिनात अवेळी पेट घेऊन ठोके देऊ लागते. डिझेल मात्र पूर्वी जवळजवळ जसे निघे तसे विकले जाई.

पण कारखाना कोणत्या मालासाठी बांधला आहे, ह्यालाही महत्त्व असते. आणि येथे थोडा इतिहास सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. १८५९ साली पेनसिल्व्हेनिया प्रांतातील टायटसव्हिल गावी एडविन ड्रेक ह्याने तेलाची विहीर खोदली, तेव्हा जगाला हवे होते ते दिव्याचे तेल, म्हणजे रॉकेल. गॅसोलीन हा त्या धंद्यातला टाकाऊ आणि धोक्याचा भाग होता. पुष्कळदा ते जाळून टाकीत किंवा नदीत सोडून देत. पुढे मोटारी आल्या. १९०८ साली फोर्डची ‘मॉडेल टी’ रस्त्यावर आली आणि कालपर्यंत ओतून दिलेल्या ह्या तेलास एकाएकी सोन्याचा भाव आला. घराघरांत वीज पोचू लागली तसे रॉकेल मागे पडले. आता अडचण अशी, की नुसत्या मनोऱ्यातून निघणारे गॅसोलीन मोटारींच्या वाढत्या गर्दीला पुरेना. तेव्हा विल्यम बर्टन ह्या रसायनशास्त्रज्ञाने जड तेल प्रचंड उष्णतेच्या व दाबाच्या योगाने फोडून त्याचे हलके गॅसोलीन करण्याची युक्ती काढली. १९१३ साली तिचे पेटंट झाले. त्यानंतर यूजीन हूड्री ह्या फ्रेंच अभियंत्याने उत्प्रेरकाच्या साहाय्याने हेच काम अधिक चांगले करून दाखवले, आणि १९४२ साली लुइझियाना प्रांतात बॅटन रूज येथे त्या पद्धतीचे नवे, मोठ्या प्रमाणावर चालणारे रूप उभे राहिले. अमेरिकेतील कारखाने त्याच वळणावर वाढले. जड तेल मोडावे आणि गॅसोलीन जोडावे, हे त्यांचे ब्रीद झाले.

त्याचे फळ आकड्यांत दिसते. अमेरिकेत तेलाचे एक पिंप ४२ गॅलनांचे धरतात (एक गॅलन म्हणजे आपले पावणेचार लिटरांहून किंचित अधिक). शुद्धीकरणात तेल फुगते, म्हणून त्यातून एकंदर सुमारे ४५ गॅलन माल बाहेर पडतो. त्यांपैकी १९ ते २० गॅलन गॅसोलीन असते; डिझेल आणि घर तापवण्याचे तेल मिळून ११ ते १३ गॅलनच भरते. तेथे घरोघरी मोटारी, आणि त्या बहुतेक सगळ्या गॅसोलीनवर चालणाऱ्या. तेव्हा कारखानदारांनी केले ते त्यांच्या दृष्टीने योग्यच होते. पण पुढे कधी डिझेलची मागणी वाढली तर काय, ह्याचा विचार त्या रचनेत नव्हता.

ही गोष्ट घरात दही घुसळणाऱ्या गृहिणीस चटकन कळेल. दही घुसळले की लोणी निघते आणि ताकही निघते. एक हवे आणि दुसरे नको असे म्हणून चालत नाही. उद्या घरी वीस पाहुणे आले आणि सगळ्यांनी ताकच मागितले, तर त्यासाठी अधिक दही घुसळावे लागेल आणि न मागितलेले लोणी साठत जाईल. साठलेल्या लोण्याचा भाव उतरेल, ताकाचा चढेल. लोणी ताकाहून श्रेष्ठ हे सर्वांना मान्य असले तरी त्या दिवसापुरते ताकच महाग. खनिज तेलाचे असेच आहे. मनोऱ्याच्या मजल्यांवर थोडी इकडची तिकडची सरकवासरकव करून कारखानदार डिझेलचा हिस्सा काही टक्क्यांनी वाढवू शकतो; त्याहून अधिक वाढवावयाचा तर नवी यंत्रसामग्री हवी, आणि ती उभारणे हे फार मोठ्या भांडवलाचे व वर्षानुवर्षांचे काम आहे.

मागणी वाढली ती कोठून, हे सांगण्याआधी समुद्रापलीकडे एक दृष्टिक्षेप टाकला पाहिजे. युरोपातील बहुतेक देशांनी डिझेलवर पेट्रोलपेक्षा कमी कर ठेवला. तेथील लोकांनी साहजिकच डिझेलच्या मोटारी घेतल्या. २०११ च्या सुमारास पश्चिम युरोपात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी निम्म्याहून अधिक डिझेलच्या होत्या. त्यामुळे युरोपात डिझेलचा तुटवडा आणि गॅसोलीनचा सुकाळ अशी स्थिती झाली. हे जास्तीचे गॅसोलीन जहाजांतून अटलांटिक ओलांडून न्यूयॉर्कच्या बंदरात येऊ लागले, आणि अमेरिकेच्या दक्षिण किनाऱ्यावरचे डिझेल उलट दिशेने युरोपकडे व लॅटिन अमेरिकेकडे जाऊ लागले. म्हणजे अमेरिकेत गॅसोलीनला बाहेरचा विक्रेता मिळाला, तर डिझेलला बाहेरचा गिऱ्हाईक. भावाची दिशा ठरायला एवढे पुरेसे होते. त्यातच २००४ च्या आसपास चीन, भारत आणि इतर देशांत बांधकामे, मालवाहतूक आणि जनित्रे ह्यांसाठी डिझेलचा खप झपाट्याने वाढू लागला होता. जुलै २००८ मध्ये अमेरिकेत गॅसोलीन गॅलनला ४ डॉलर ११ सेंटांवर गेले तेव्हा डिझेल ४ डॉलर ७६ सेंटांवर पोचले होते.

ह्याच सुमारास डिझेलच्या अंगावर एक नवा खर्च येऊन पडला. तो मात्र सत्कारणी लागला असे म्हटले पाहिजे. खनिज तेलात गंधक असते. ते इंजिनात जळले की त्याचे वायू व सूक्ष्म कण होतात आणि श्वासावाटे फुफ्फुसांत जातात. शिवाय धूर गाळण्यासाठी बसवलेली उपकरणेही गंधकाने निकामी होतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३ पासून रस्त्यावरच्या डिझेलमधील गंधक दहा लाख भागांत ५०० भागांवर आणले होते. २००६ पासून ती मर्यादा १५ भागांवर आली. पाचशेवरून पंधरा! हे साधायचे तर डिझेल हायड्रोजन वायूसह मोठ्या दाबाखाली, उष्णतेत, उत्प्रेरकावरून न्यावे लागते. हायड्रोजन गंधकाशी संयोग पावतो आणि मग तो वायू वेगळा काढून त्यातून गंधक परत मिळवतात. हा हायड्रोजन बहुधा नैसर्गिक वायूपासून करतात, आणि तो काही फुकट मिळत नाही. ज्या तेलाची ख्याती ‘निघाले तसे विकले’ अशी होती, त्याला आता गॅसोलीनच्या बरोबरीने न्हाऊमाखू घालावे लागते. पुढे तोच नियम शेतीची यंत्रे, आगगाड्या आणि नद्यांतील बोटी ह्यांच्या डिझेलला टप्प्याटप्प्याने लावला गेला. १ जानेवारी २०२० पासून तर जगभरच्या सागरी जहाजांना गंधकाची मर्यादा साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणावी लागली. ज्या जहाजांनी आजवर तळचा गाळ जाळला होता, त्यांतील पुष्कळांची नजर मधल्या मजल्यावरच्या स्वच्छ तेलांकडे वळली.

आता कर. अमेरिकेचे केंद्र सरकार गॅसोलीनवर गॅलनमागे १८.४ सेंट आणि डिझेलवर २४.४ सेंट कर घेते. १९९३ सालापासून हे दर तसेच आहेत. राज्यांचे कर निराळे. ह्या सहा सेंटांची कथा मोठी मौजेची आहे. १९८२ च्या महामार्ग कायद्याने दोन्ही तेलांवरचा केंद्रीय कर सारखाच, म्हणजे ९ सेंट केला होता. पण त्याबरोबर अवजड मालमोटारींवर पुष्कळ वाढीव वार्षिक कर बसवण्याचेही ठरवले होते. मोटारीने वर्षात हजार मैल कापोत की लाख, वार्षिक कर तोच. स्वतःची एकच मालमोटार असलेले ट्रकवाले खवळले, आणि जानेवारी १९८३ च्या अखेरीस त्यांनी संप पुकारला. शेवटी १९८४ साली तोड निघाली: वार्षिक कराची कमाल मर्यादा ५५० डॉलरांवर उतरवावी आणि त्याच्या मोबदल्यात डिझेलवरचा कर सहा सेंटांनी वाढवून १५ करावा. जो जितका रस्ता झिजवील, त्याने तितके द्यावे. मला तरी ही वाटणी न्यायाची वाटते; मात्र रस्ता झिजवणाऱ्या चाळीस टनी मोटारीबरोबर डिझेलची छोटी घरगुती गाडी असणाराही त्या सहा सेंटांत सापडला, ही गोष्ट कोणी फारशी मनावर घेतलेली दिसत नाही.

हा रस्त्याचा कर असल्याने शेतातल्या ट्रॅक्टरच्या वा घर तापवण्याच्या तेलावर तो नसतो. पण तेल एकच. मग चोरी कशी पकडावी? उपाय सोपा आहे. करमुक्त डिझेलात लाल रंग मिसळतात. रस्त्यावरील मोटारीच्या टाकीत लाल तेल सापडले तर हजार डॉलर किंवा गॅलनमागे दहा डॉलर, ह्यांतील जी रक्कम मोठी असेल तितका दंड होतो.

करांचा विषय निघालाच आहे तर आपल्या घरचेही थोडे पाहू. कारण आपल्याकडे डिझेल स्वस्त वाटते ते तेलाच्या गुणाने नव्हे, करांच्या कृपेने. सरकारने शेतकऱ्याचा पंप, एस.टी. आणि मालवाहतूक डोळ्यांपुढे ठेवून अनेक वर्षे डिझेलचा भाव दाबून धरला. जून २०१० मध्ये पेट्रोलचे भाव सरकारी नियंत्रणातून मोकळे झाले, डिझेल मात्र बांधलेलेच राहिले. परिणामी मे २०१२ मध्ये दिल्लीस पेट्रोल ७३ रुपये १८ पैसे आणि डिझेल ४० रुपये ९१ पैसे, असे बत्तीस रुपयांचे अंतर पडले. मग शेतकऱ्याच्या नावाने दिलेल्या सवलतीचा लाभ घेण्यास कोण पुढे आले? डिझेलच्या मोठमोठ्या आलिशान मोटारी घेणारे लोक. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलही मोकळे झाले आणि हळूहळू खरा हिशेब उघडा पडू लागला. ऑक्टोबर २०१८ मध्ये ओडिशात डिझेलने पेट्रोलला मागे टाकले. त्या राज्यात दोन्ही तेलांवरचा व्हॅट सारखाच, २६ टक्के होता, त्यामुळे मूळचा चढा भाव झाकला गेला नाही. मे २०२० मध्ये केंद्राने पेट्रोलवर दहा रुपये आणि डिझेलवर तेरा रुपये उत्पादन शुल्क वाढवले, दिल्ली सरकारने डिझेलवरील व्हॅट पावणेसतरा टक्क्यांवरून तीसवर नेला, आणि २४ जून रोजी दिल्लीत इतिहासात प्रथमच डिझेल पेट्रोलहून बारा पैशांनी महाग झाले. जुलैच्या अखेरीस तो व्हॅट पुन्हा खाली आणताच डिझेल एका रात्रीत ८ रुपये ३६ पैशांनी उतरले. गोव्याच्या वाचकांना तर ह्याचा उलट बाजूचा अनुभव आहेच: २०१२ साली मनोहर पर्रीकरांच्या सरकारने पेट्रोलवरील व्हॅट नाममात्र केला आणि पेट्रोल सुमारे अकरा रुपयांनी स्वस्त झाले.

सांगावयाचे ते एवढेच, की कराचे पांघरूण काढले तर अलीकडच्या काळात आपल्याकडेही डिझेल पुष्कळदा पेट्रोलच्या वरच असते. ब्रिटनमध्ये दोन्हींवर इंधनकर सारखाच आहे, आणि तेथेही डिझेलच बहुधा महाग असते. अमेरिकेत हे पांघरूण नाहीच. उलट सहा सेंटांचे ओझे आहे. म्हणून तेथे भावाचे खरे रूप अधिक स्पष्ट दिसते.

डिझेलच्या बाजूनेही एक गोष्ट सांगितली पाहिजे. आपण तेल मापाने विकत घेतो, पण वापरतो ती त्यातली उष्णता. डिझेल गॅसोलीनहून घन असल्याने त्याच्या एका गॅलनात सुमारे तेरा-चौदा टक्के अधिक ऊर्जा असते. शिवाय रूडॉल्फ डिझेल ह्याने १८९० नंतरच्या काळात सिद्ध केलेल्या इंजिनात ठिणगी लागत नाही. हवा इतकी जोराने दाबतात की तिच्याच उष्णतेने तेल पेटते, आणि त्या मोठ्या दाबामुळे इंधनाचे चीज अधिक होते. तेव्हा गॅलनमागे दहा-बारा टक्के जास्त दिले म्हणजे मैलामागेही जास्त दिलेच असे नाही. पिशवीभर कुरमुरे आणि पिशवीभर तांदूळ ह्यांची किंमत सारखी असावी, असा आग्रह कोणी धरत नाही. (हा रूडॉल्फ डिझेल सप्टेंबर १९१३ मध्ये इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून रात्री नाहीसा झाला. त्याच्या मृत्यूविषयी तर्ककुतर्क अजून संपलेले नाहीत. पण तो आपला विषय नव्हे.)

ऊर्जेच्या हिशेबाने थोडे समाधान होते, पण सगळे नाही. भावातली तफावत काही वर्षी दहा टक्के असते, तर काही वर्षी चाळीस. हा फरक तेलाच्या घनतेने पडत नाही. तो पडतो गरजेच्या स्वरूपामुळे. गॅसोलीन महागले तर अमेरिकन कुटुंब रविवारचे फिरणे रद्द करते, दोन शेजारी एका गाडीने कामावर जातात. डिझेलला अशी काटकसर फारशी ठाऊक नाही. दूध, पीठ, औषधे, लाकूड हे सारे मालमोटारींनी आणि आगगाड्यांनी जाते. पीक उभे असताना कापणीयंत्र थांबवता येत नाही. त्यात भर म्हणजे ईशान्येकडील मेन, व्हर्मांट, न्यू हॅम्पशायर ह्या थंड राज्यांत पुष्कळ घरे तेलाच्या भट्टीने तापतात, आणि हे तेल म्हणजे डिझेलचे सख्खे भावंड. म्हणून शरद ऋतूत शेतीची कापणी आणि हिवाळ्याची बेगमी एकदम आली की डिझेलचा भाव चढतो. उन्हाळ्यात सहलींचे दिवस आले की गॅसोलीन चढते आणि दोहोंतले अंतर कमी होते. जानेवारी २००० मध्ये थंडीची लाट आली तेव्हा त्या राज्यांत घर तापवण्याच्या तेलाचे भाव इतके भडकले, की त्याच वर्षी सरकारला त्या भागासाठी वीस लाख पिंपांचा राखीव साठा करावा लागला.

ह्या सर्व कारणांची एकाच वेळी गाठ पडली ती २०२२ साली. आधीच कारखाने कमी झाले होते. पूर्व किनाऱ्यावरचा सर्वांत मोठा, फिलाडेल्फियाचा कारखाना, जून २०१९ मध्ये आग व स्फोट होऊन बंद पडला; पुढे महामारीच्या दिवसांत मागणी आटली तेव्हा आणखी काहींना टाळे लागले, आणि २०२० ते २०२२ ह्या दोन वर्षांत देशाची शुद्धीकरणाची क्षमता दिवसाला सुमारे दहा लाख पिंपांनी घटली. महामारी ओसरताच मालवाहतूक जोरात सुरू झाली. अशा वेळी फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. युरोप आपल्या गरजेचे पुष्कळसे डिझेल रशियाकडून घेत असे. तो पुरवठा तुटण्याच्या भीतीने युरोपचे व्यापारी जगभर डिझेल शोधू लागले, आणि अमेरिकेच्या बंदरांतून जहाजे भरभरून जाऊ लागली. जूनमध्ये गॅसोलीनने गॅलनला पाच डॉलरांचा उंबरठा ओलांडला. डिझेल तेव्हा ५ डॉलर ८१ सेंटांवर होते. पुढे गॅसोलीन बरेच उतरले, डिझेल उतरेना. नोव्हेंबरच्या आरंभी दोहोंमधले अंतर दीड डॉलरच्या घरात गेले.

त्या ऑक्टोबरात ‘देशात पंचवीस दिवसांचेच डिझेल उरले’ अशी बातमी पसरली आणि सव्विसाव्या दिवशी मोटारी उभ्या राहणार अशी घबराट झाली. बातमीतला आकडा खरा होता. अर्थ चुकीचा होता. कारखाने रोज नवे तेल करीतच होते. घरातल्या कणगीत पंचवीस दिवसांचे धान्य आहे म्हणजे शेत पिकायचे थांबले असे नव्हे. परंतु कणगी त्या ऋतूच्या मानाने फार रिकामी होती, आणि रिकाम्या कणगीपुढे उभा असलेला गिऱ्हाईक भावाची घासाघीस करीत नाही, हेही खरेच.

ह्याचा भार कोणावर पडला? लांब पल्ल्याची मालमोटार एका गॅलनात सहा-सात मैल जाते. एका वेळी दोनशे गॅलन भरणाऱ्या चालकास गॅलनमागे पन्नास सेंट वाढले की एका खेपेस शंभर डॉलर अधिक मोजावे लागतात. मोठ्या कंपन्यांचे गिऱ्हाइकांशी करार असतात. सरकार दर आठवड्यास डिझेलचा सरासरी भाव प्रसिद्ध करते, त्यानुसार भाड्यावर इंधनाचा अधिभार आपोआप चढतो. ज्याची स्वतःची एकच मोटार, आणि जो मिळेल त्या दराने माल उचलतो, त्याला पंपावर पैसे आज द्यावे लागतात आणि भाडे महिन्याने मिळते. अधिभार शेवटी दुकानदाराकडून गिऱ्हाइकाकडे सरकतो. मेन राज्यातील एखाद्या गृहिणीने आयुष्यात डिझेलची गाडी चालवलेली नसली तरी ती त्या वर्षी हा भाव दोनदा देत होती. एकदा तळघरातल्या भट्टीच्या टाकीत, आणि दुसऱ्यांदा पाव-दुधाच्या बिलात.

सुदैवाने २०२२-२३ चा हिवाळा युरोपात आणि अमेरिकेच्या ईशान्य भागातही सौम्य गेला. ५ फेब्रुवारी २०२३ पासून युरोपीय संघाने रशियाचे शुद्ध तेल घेणे बंद केले, तेव्हा ज्या तुटवड्याची धास्ती होती तो आला नाही. पश्चिम आशियातून आणि आपल्या जामनगरसारख्या कारखान्यांतून डिझेलची जहाजे युरोपकडे निघाली, आणि रशियाचे डिझेल दुसऱ्या गिऱ्हाइकांकडे वळले. मे महिन्यात अमेरिकेतील डिझेल चार डॉलरांखाली आले. गॅसोलीन त्या वेळी साडेतीन डॉलरांच्या आसपास होते.